कॉम्प्युटर आपोआप बंद-चालू होतो तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळी आपण कोर्टातल्या केसेसवर बोललो. त्या केसेसची निवेदनं, अर्ज आज असतात कुठे? बहुतेक वेळा कुणा एकीच्या घरातल्या कॉम्प्युटरवर. रात्री भांडी आवरून झाली की ती टाइप करायला बसते. माझ्याकडे असंच चालतं. गेल्या उन्हाळ्यात एक अर्ज लिहिता लिहिता पडदा काळा झाला आणि मशीन आपोआप पुन्हा सुरू झालं. मग रोजच व्हायला लागलं.

घरात पहिलं वाक्य आलं, 'तू काहीतरी दाबलं असशील.' दुकानात दुसरं, 'ताई, फॉरमॅट मारावा लागेल, ठेवून जा.' ठेवून जा? आत अकरा बायकांची निवेदनं होती, नावपत्त्यासकट. मी मशीन उचलून घरी आणलं.

आधी फायली पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो कुलपात ठेवा. मग एक वही करा. आपण बाईची केस लिहितो ना, कधी घडलं, त्याआधी काय चाललं होतं, तशीच ही नोंद. तेवढ्यानं निम्मा उलगडा होतो. पंधरा-वीस मिनिटं चालून, विशेषतः दुपारी, बंद पडत असेल तर तापण्याचा संशय घ्या. आतल्या पंख्यावर धूळ साचते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद होतं. वेळीअवेळी, निळा पडदा क्षणभर चमकून होत असेल तर रॅम किंवा एखादा ड्रायव्हर. रात्री आपोआप झालं आणि नंतर 'अपडेट' झाल्याचं दिसलं, तर तो बिघाडच नव्हे.

निळा पडदा वाचायला वेळ मिळत नाही, कारण विंडोज लगेच पुन्हा सुरू होतं. 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'समोरची खूण काढा. मग पडदा थांबतो, त्यावरचा कोड वहीत उतरवा. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर 41' अशी नोंद दिसेल. ती बघून घाबरू नका आणि दुकानदाराला त्यावरून पैसेही देऊ नका. मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

माझ्या वहीत काय निघालं? नऊपैकी सात वेळा फ्रीज नुकताच सुरू झाला होता. हॉलमधलं टेबल मुलाच्या अभ्यासाचं, म्हणून माझा कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशी, फ्रीजच्याच एक्स्टेन्शन बोर्डवर. बोर्ड सैल झालेला, फ्रीजनं ओढ घेतली की व्होल्टेज पडायचं. भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर लावला, तेव्हापासून ठीक आहे. खर्च शून्य. (टेबलावरून घरात भांडण झालं, ते वेगळं.)

असं सोपं नेहमीच नसतं. कधी वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, थकलेला असतो. तो बदलून घ्यायचा, पण उघडायचा मात्र कधीही नाही. प्लग काढल्यावरही त्यात झटका बसण्याइतकी वीज राहते. बाकी झाकण तुम्ही उघडू शकता. प्लग काढा, केसच्या धातूला हात लावा, मऊ ब्रशनं धूळ झाडा. पंखा बोटानं धरून ठेवा, गरगरू देऊ नका. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून चालवून बघा, कुठली दगा देते ते कळतं.

आणि दुकानात न्यायची वेळ आलीच, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा. वीज, पंखा, रॅम दुरुस्त करायला त्यांना आपली डिस्क लागत नाही. जुन्या पद्धतीच्या डिस्कला दोन केबल आणि चार स्क्रू असतात.

स्क्रूड्रायव्हर आणलाय. मागच्या बायांनो, पुढे या. प्लग कोण काढतंय?