पडद्यावरची स्त्री आणि चार भिंतींआडचे दुःख

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पांढुर्णा-सौंसरच्या श्रोत्यांना जाम नदीची कथा नव्याने सांगावी लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो, एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते आणि गोटमार सुरू होते. तिच्यामागची आख्यायिका अशी की, पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीवर प्रेम केले, तिला घेऊन तो निघाला आणि दोघे नदीच्या मध्यावर असताना दगडांचा वर्षाव झाला. ती दोघे तेथेच गतप्राण झाली असे कोणी सांगतात, पांढुर्णेकरांनी त्यांना सोडवून आणले असे कोणी सांगतात. एका बाबतीत मात्र सांगणाऱ्यांचे बहुधा एकमत असते. त्या मुलीचे नाव कोणी सांगत नाही. ती काय म्हणाली, तिला कशाचे भय होते, वाचली असल्यास पुढे तिचा संसार कसा झाला, हे त्या कथेत येतच नाही. दोन गावांचा मान कथेत येतो. ज्या मुलीवरून तो पणाला लागला, ती मुलगी येत नाही.

चित्रपटांतील स्त्रीचा, आणि विशेषतः घरात मार खाणाऱ्या स्त्रीचा विचार करताना ही आख्यायिका उपयोगी पडते. आपल्या चित्रपटांनी स्त्रीचे दुःख कधी दाखविलेच नाही, असे म्हणता येणार नाही. ते उदंड दाखविले गेले. प्रश्न एवढाच की, ते कोणाच्या काठावर उभे राहून दाखविले?

आरंभी तर पडद्यावर स्त्री नव्हतीच. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास स्त्री मिळाली नाही. अण्णा साळुंके या तरुणाने ती भूमिका केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या मायलेकी पडद्यावर आल्या. स्त्रीचे शरीर पडद्यावर आले. परंतु तिचे म्हणणे यावयास आणखी वेळ लागला.

ते म्हणणे ठणठणीतपणे ऐकू आले १९३७ साली, प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो चित्रपट केला आणि ‘दुनिया न माने’ या नावाने त्याची हिंदी आवृत्तीही काढली. घरी मराठी आणि शाळेत हिंदी अशा दोन भाषांत वाढणाऱ्या या भागातील माणसाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. एकच गाऱ्हाणे दोन्ही भाषांत मांडावेसे वाटावे, इतके ते दोन्हीकडे खरे होते. पोरक्या नीराला तिच्या मामाने फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेले असते. शांता आपटे यांची नीरा रडत बसत नाही. ती सासरी राहते, पण पत्नी म्हणून राहण्यास साफ नकार देते. तिच्याशी लगट करू पाहणाऱ्या सावत्र मुलावर ती छडी उगारते. केशवराव दाते यांच्या काकासाहेबांना दिग्दर्शकाने राक्षस केलेले नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण होय. ते सुशिक्षित आहेत, समाजात त्यांना मान आहे. आणि तरीही त्यांच्या हातून अन्याय घडतो. अन्याय करणारा माणूस शेजारच्या घरातील सभ्य गृहस्थ असू शकतो, हे १९३७ साली मराठी प्रेक्षकाला सांगितले गेले.

तथापि नीराची सुटका कशी होते, तेही पाहिले पाहिजे. शेवटी काकासाहेबांना पश्चात्ताप होतो आणि ते आपले जीवन संपवितात. त्या काळी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा सर्वसाधारण अधिकार नव्हता. तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने दिला. कायद्याने दार उघडलेले नसताना कथाकाराजवळ दोनच वाटा राहतात. एक तर स्त्रीने मरावे, नाही तर पुरुषाने. ‘कुंकू’ने दुसरी वाट निवडली. तरीही सुटका झाली ती पतीच्या सद्सद्विवेकाने, पत्नीच्या हक्काने नव्हे, एवढे खरेच.

‘कुंकू’नंतर पंचेचाळीस वर्षांनी, १९८२ साली, ‘उंबरठा’ आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी केले, आणि याही चित्रपटाची ‘सुबह’ ही हिंदी आवृत्ती निघाली. सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडते. आश्रमात तिला समाजाने टाकलेल्या स्त्रिया भेटतात. त्यांतील कित्येकींनी घरातच जाच सोसलेला असतो. सुलभाच्या स्वतःच्या घरी मात्र एकही हात उगारला जात नाही. सासू समाजकार्य करणारी, पती वकील, सारे सौजन्याचे वातावरण. परंतु ती परत येते तेव्हा मुलगी दुरावलेली असते, पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते, आणि झाले ते तिने समजून घ्यावे अशी सर्वांची अपेक्षा असते. स्मिता पाटील यांची सुलभा आरडाओरडा न करता निघून जाते. मार न देताही घर माणसाला बाहेर काढू शकते, हे या चित्रपटाने दाखविले. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, पती व सासरच्यांकडून होणारा छळ हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ अन्वये स्वतंत्र गुन्हा ठरला. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे.

आणि तरीही १९९१ साली सर्वांत अधिक गर्दी कोठे झाली? विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’ला. राजस्थानी ‘बाई चाली सासरिये’ या चित्रपटाची ही मराठी आवृत्ती. गावोगावच्या स्त्रिया घोळक्याने आल्या आणि पदराने डोळे पुसत परतल्या. अलका कुबल यांची सोशीक लक्ष्मी घरोघरी आदर्श ठरली. या चित्रपटाला हसण्याची समीक्षकांत चाल आहे. ती योग्य नव्हे. ज्या स्त्रियांना आपले दुःख घरी बोलता येत नव्हते, त्यांना चित्रपटगृहाच्या अंधारात दुसरीच्या निमित्ताने रडता आले. ते रडणे खोटे नव्हते. परंतु त्या कथेत मुख्य छळ करणारी सासू आहे. म्हणजे दोष पुन्हा एका स्त्रीच्याच पदरात टाकला गेला. आणि जी सोसते तीच थोर, हा धडा मुलींनी बरोबर घेतला. जी बोलते तिच्यासाठी प्रेक्षकाजवळ अश्रू उरले नाहीत.

येथवर मध्यमवर्गीय आणि सवर्ण घरांतील स्त्रियांचा विचार झाला. जातीचा आणि जमातीचा प्रश्न आला की चित्र बदलते. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’मध्ये (१९७७) ठाकर समाजातील चिंधी न आवडणाऱ्या नवऱ्याला सोडते आणि मनाजोगा जोडीदार निवडते. शहरी प्रेक्षकाने तिचे कौतुक केले. मात्र हे स्वातंत्र्य त्याला रानातल्या वाऱ्यासारखे वाटले. डोंगरात ते शोभून दिसते, आपल्या घरात त्याची गरज नाही, असा काहीसा भाव त्या कौतुकात होता. आदिवासी स्त्रीला मोकळी म्हणून पाहावयाचे, घरंदाज स्त्रीला सोशीक म्हणून पूजावयाचे, आणि दोघींपैकी एकीलाही आपल्या बरोबरीची मानावयाचे नाही, ही पाहण्याची जुनी रीत आहे. ज्या जिल्ह्याच्या शेजारीच गोंड समाजाची मोठी वस्ती आहे, तेथे हा विचार परका नसावा.

२०१६ सालच्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने जाम नदीची आख्यायिकाच जणू पुन्हा सांगितली. वरच्या जातीच्या, घरच्या सत्तेच्या जोरावर वाढलेल्या आर्चीने मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील परश्याबरोबर पळून जावे, आणि माहेरच्यांनी अखेर दोघांचा जीव घ्यावा, ही ती कथा. तिचा शेवट सर्वांना आठवतो. त्यामानाने हैदराबादेतील एका प्रसंगाची आठवण फारशी कोणी काढत नाही. संशयाने पेटलेला परश्या आर्चीवर हात उगारतो, ती घर सोडून गाडीत बसते आणि नंतर परतते. जातीच्या उतरंडीत ज्याच्यावर अन्याय झाला, तोच चार भिंतींच्या आत आपल्या पत्नीवर अन्याय करू शकतो. मंजुळे यांनी हे झाकले नाही. बुलेट चालविणारी, सर्वांना दरडावणारी आर्चीही त्या खोलीत एकटीच होती. आख्यायिकेने जी गोष्ट सोडून दिली, म्हणजे नदी पार केल्यावर संसार कसा झाला, ती या चित्रपटाने सांगितली.

परदेशात गेलेल्या आशियाई स्त्रियांच्या बाबतीत जातीची जागा वंश आणि वर्ण घेतात, आणि कोंडी दुहेरी होते. गुरिंदर चढ्ढा यांच्या ‘भाजी ऑन द बीच’ (१९९३) या ब्रिटिश चित्रपटात आशियाई स्त्रियांचा एक मेळा समुद्रकिनारी सहलीस जातो. त्यांत गिंदर आहे. पतीच्या मारहाणीमुळे ती मुलाला घेऊन घराबाहेर पडलेली आहे. बरोबरच्या वयस्क बायका तिलाच बोल लावतात. तिच्या अंगावरचे वळ दिसतात, तेव्हा कोठे त्यांची वाचा बसते. किरणजीत अहलुवालिया यांची हकीकत तर घडलेली आहे. दहा वर्षे मार सोसून १९८९ साली त्यांनी पतीला पेटविले. न्यायालयाने त्यांना खुनासाठी जन्मठेप दिली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स या संघटनेने लढा दिला, १९९२ साली अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि पुढे त्यांची सुटका झाली. त्यावर जगमोहन मुंदडा यांनी ‘प्रोव्होक्ड’ हा चित्रपट केला. ऐश्वर्या राय यांनी त्यात किरणजीत यांची भूमिका केली. गोरा शेजारी म्हणतो, ‘त्यांच्या संस्कृतीत असेच असते.’ आपला माणूस म्हणतो, ‘घरातले बाहेर कशाला, परक्यांत आपली अब्रू जाईल.’ दोघेही आपापल्या सोयीने दार लावून घेतात, आणि स्त्री आतच राहते.

हे दूरचे वाटावयास नको. मराठी घरात वाढलेली मुलगी हिंदी बोलणाऱ्या घरी पडते, तेव्हा आपली तक्रार कोणत्या भाषेत सांगावी येथपासून तिची अडचण सुरू होते. भाषा येत असली तरी सांगण्याचे धैर्य वेगळे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. काही कारणांसाठी पतीने पत्नीला मारणे योग्य ठरते असे मानणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के, आणि पुरुष ४४ टक्के होते. त्या कारणांत सर्वाधिक मान्यता मिळाली ती सासू-सासऱ्यांचा मान न राखण्याला. लक्ष्मीच्या सोशीकपणाची पूजा आणि हे आकडे यांचे नाते नाही, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकेल काय?

२०२० सालच्या अनुभव सिन्हा यांच्या ‘थप्पड’ने याच समजुतीवर बोट ठेवले. सुशिक्षित घर, चांगला पती, भरलेल्या घरात बसलेली एकच चपराक. आई समजावते, सासू समजावते. अमृता मात्र एवढेच म्हणते की, मारावयास नको होते. तिच्या घरी काम करणारी सुनीता रोजच मार खाते, आणि तिचा मार कोणाला वृत्त वाटत नाही, हेही तो चित्रपट विसरत नाही. नीराला जो कायदा उपलब्ध नव्हता तो आज आहे. २००५ साली संमत झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेला घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा मारहाणीबरोबर अपमान, मानसिक छळ आणि पैशाची कोंडी यांनाही हिंसाच म्हणतो, आणि स्त्रीला राहत्या घरातून बाहेर काढू देत नाही. संरक्षण अधिकारी आहेत, १८१ हा मदतीचा दूरध्वनी आहे. परंतु कायद्याकडे जाणारी वाट शेजाऱ्याच्या दारावरून जाते. ते दार उघडे असेल तरच.

येथे ग्रंथालयाचे काम येते. ‘कुंकू’ आणि ‘उंबरठा’ हे दोन्ही चित्रपट मुळात कादंबऱ्या होत्या, आणि त्यांपैकी एक तर स्त्रीनेच लिहिलेली. पडद्यावर येण्यापूर्वी त्या स्त्रियांचे म्हणणे कोणीतरी शांतपणे वाचले होते. ग्रंथालयात दुपारी पुस्तक बदलावयास आलेल्या गृहिणीला जे पुस्तक हाती लागते, त्यात तिला आपल्या दुःखाचे नाव सापडू शकते. आणि ज्याला नाव सापडले, ते दुसऱ्याला सांगता येते. ग्रंथालयाने या कादंबऱ्या आवर्जून ठेवाव्यात, त्यांवरील चित्रपट सभासदांना एकत्र बसून दाखवावेत, आणि नंतरच्या चर्चेत आधी स्त्रियांना बोलू द्यावे. शताब्दीच्या वर्षात याहून मोठा संकल्प करण्याचे कारण नाही.

पुढल्या पोळ्याला पुन्हा झेंडा चढेल. तेव्हा घरातल्या मुलांना ती आख्यायिका सांगताना वडीलधाऱ्यांनी एवढेच करावे. ती मुलगी कोण होती, आणि तिला काय हवे होते, हा प्रश्न त्यांना विचारावा.