‘ॲक्सेस डिनाइड’ : डेटाबेसच्या दारावर नाव, गाव आणि खूण

(या भागातलं बोलणं इथं लेखी दिलं आहे. कमांड आम्ही जशा उच्चारतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या.)

हदगावहून बोलतोय. आजचा विषय एका ओळीचा आहे, पण ती ओळ स्क्रीनवर आली की भल्याभल्यांचं काम थांबतं. ‘ॲक्सेस डिनाइड फॉर युजर’.

ही ओळ कुणाला दिसते? सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यातल्या आडत दुकानात. बाहेर ट्रॅक्टरची रांग आहे, काटा झालाय, शेतकरी पट्टीची वाट बघत उभा आहे आणि आत ऑपरेटर म्हणतो, ‘सॉफ्टवेअर उघडंना गेलंय.’ ती कॉलेजच्या पोरांनाही दिसते. घरी लॅपटॉपवर चाललेला प्रोजेक्ट सर्व्हरवर टाकला की पहिल्याच पानावर. घाबरलेला माणूस मग इंटरनेटवरचा पहिला उपाय उचलतो आणि सगळी दारं सताड उघडी करून मोकळा होतो. काम चालू होतं खरं, पण खरा धोका तिथंच सुरू होतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

मी मुख्यतः मायएसक्यूएल आणि मारियाडीबीबद्दल बोलणार आहे, कारण आपल्याकडच्या लहान दुकानांत, शाळांत, कॉलेजांत बहुतेक हेच असतं. तुमच्या झॅम्पमध्ये मेनूवर मायएसक्यूएल लिहिलेलं असलं तरी २०१५ पासून आत मारियाडीबी आहे. दोघी बहिणीच म्हणा. मायकेल विडेनियस यांनी एकीला थोरल्या मुलीचं नाव दिलं, ‘माय’. दुसरीला धाकटीचं, ‘मारिया’.

पहिली गोष्ट : नकार मिळाला म्हणजे दारापर्यंत पोचलात

‘डिनाइड’ वाचलं की लोक वायर हलवतात, राउटर बंद-चालू करतात. कशाला? सर्व्हरनं ‘नाही’ म्हटलं याचा अर्थ सर्व्हर चालू आहे, वायर ठीक आहे, तुमचा आवाज त्याच्यापर्यंत गेला. म्हणून आधी एररचा आकडा वाचा.

२००२ किंवा २००३ आला, तर तुम्ही दारापर्यंत पोचलेलेच नाही. सर्व्हर बंद असेल, ३३०६ पोर्ट फायरवॉलनं अडवला असेल, किंवा बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ ठेवल्यामुळे सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकत असेल. इथं पासवर्ड बदलून काहीच होणार नाही.

११३० आला, तर दार सापडलं, पण ‘या पत्त्यावरून येणाऱ्या कुणालाच मी ओळखत नाही’ असं सर्व्हर म्हणतोय. नाव-पासवर्ड विचारायची वेळच आली नाही.

१०४५ हा आपला आजचा पाहुणा. नाव, पत्ता, पासवर्ड यांचा मेळ बसला नाही.

१०४४ म्हणजे तुम्ही आत आलात, पण त्या डेटाबेसचा हक्क तुम्हाला नाही. ११४२ म्हणजे त्या टेबलवर ते काम करायचा हक्क नाही. आता पासवर्डच्या मागे लागू नका, पासवर्ड बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट : ओळ पूर्ण वाचा

१०४५ च्या ओळीत तीन तुकडे असतात. युजरचं नाव, ‘ॲट’च्या पुढचा पत्ता आणि कंसात ‘युझिंग पासवर्ड : येस’ किंवा ‘नो’.

‘नो’ असेल तर तुमच्या प्रोग्रामनं पासवर्ड पाठवलेलाच नाही. तो कॉन्फिग फाइलमधून वाचलाच गेला नाही, किंवा तुम्ही एक फाइल बदलताय आणि प्रोग्राम दुसरीच वाचतोय. पोरांचं इथंच अडतं. झॅम्पमध्ये रूटला सुरुवातीला पासवर्ड नसतो, तोच कोड तसाच सर्व्हरवर जातो आणि तिथला रूट पासवर्ड मागतो.

‘येस’ असेल तर पासवर्ड गेला, पण जुळला नाही. मग या चार गोष्टी बघा. एक, मोबाइलवर पासवर्ड पाठवताना कीबोर्डनं पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं का? दोन, कॉपी करताना शेवटी एक स्पेस चिकटली का? तीन, ऑपरेटरचा कीबोर्ड मराठीवर राहिला होता का? पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे कळत नाही. चार, पासवर्डात हॅशचं चिन्ह आहे का? माय डॉट सीएनएफ फाइलमध्ये हॅशपासून पुढचं सगळं टिपण समजून सोडून दिलं जातं. अशा वेळी पासवर्ड अवतरणचिन्हांत ठेवायचा.

कमांड लाइनवरची एक गंमतही सांगतो. मायनस पी लिहून स्पेस दिली आणि मग पासवर्ड लिहिला, तर तो शब्द पासवर्ड म्हणून जात नाही, डेटाबेसचं नाव म्हणून जातो. मायनस पी एवढंच लिहा, एंटर दाबा, विचारल्यावर पासवर्ड टाका. म्हणजे तो कमांडच्या इतिहासातही राहत नाही.

तिसरी गोष्ट : नुसतं नाव म्हणजे ओळख नव्हे

हे नीट ऐका, निम्म्या तक्रारी इथं सुटतात. आपल्याकडे एकाच नावाची चार माणसं असली की आपण विचारतो, ‘कोणता? तामशाचा की निवघ्याचा?’ मायएसक्यूएल तेच करतो. त्याच्या लेखी खातं म्हणजे नाव अधिक गाव. ‘दुकान ॲट लोकलहोस्ट’ आणि ‘दुकान ॲट टक्का’ ही दोन वेगळी खाती आहेत, दोघांचे पासवर्ड वेगळे, हक्क वेगळे. टक्का म्हणजे कुठलाही पत्ता.

मग एकाच माणसाला दोन नोंदी जुळल्या तर? सर्व्हर नेमक्या पत्त्याची नोंद आधी बघतो, सैल नोंद नंतर. पत्ता सारखाच असेल तर नाव असलेली आधी, कोऱ्या नावाची नंतर. जी पहिली जुळेल तीच धरतो, पुढची बघतच नाही. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये कोऱ्या नावाचं एक खातं लोकलहोस्टवर असायचं. तुम्ही ‘दुकान ॲट टक्का’ खातं काढलं आणि त्याच मशीनवरून आत जायला बघितलं, की लोकलहोस्टची नोंद जास्त नेमकी म्हणून ते कोरं खातं आधी जुळायचं आणि तुमचा बरोबर पासवर्ड चूक ठरायचा. मायएसक्यूएल ५.७ पासून हे कोरं खातं आपोआप तयार होत नाही, पण जुन्या सर्व्हरवर अजून सापडतं.

ओळखायचं कसं? कसंही करून आत गेलात की विचारा, ‘सिलेक्ट युजर, करंट युजर’, दोन्हींपुढे कंस. पहिलं सांगतं तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरं सांगतं सर्व्हरनं तुम्हाला कोण समजलं. दोन्हींत फरक दिसला की कोड्याचं उत्तर तिथंच आहे.

आता आपल्या भागातला नेहमीचा प्रसंग. दुकानात दोन कॉम्प्युटर. डेटाबेस मागच्या खोलीत, काउंटरचा पीसी समोर. सॉफ्टवेअरवाल्यानं खातं काढलं १९२.१६८.१.७ या पत्त्यासाठी. रात्री लाइट गेली, सकाळी राउटर चालू झाला आणि त्यानं काउंटरला पत्ता दिला शेवटी ९ असलेला. झालं! काल चालत होतं, आज नाही, आणि कुणी काहीच बदललं नाही. दुसरं कुठलंच खातं त्या पत्त्याला जुळत नसेल तर ११३० येईल. एखादं टक्क्याचं खातं असेल तर १०४५ येईल.

उपाय दोन. राउटरमध्ये काउंटरच्या पीसीचा पत्ता कायमचा राखून ठेवा. किंवा खातं १९२.१६८.१.टक्का असं काढा, म्हणजे दुकानातल्या कुठल्याही पीसीला चालेल, पण बाहेरच्याला नाही.

चौथी गोष्ट : ओळख पटवायची पद्धत

उबुंटूवर मायएसक्यूएल ताजं टाकलं, रूटचा पासवर्ड कितीही बरोबर द्या, १६९८ येतो. तिथं रूटकडे पासवर्ड मागितलाच जात नाही. लिनक्सच्या मशीनवर तुम्ही खरोखर रूट आहात का, एवढंच तो बघतो. ‘सुडो मायएसक्यूएल’ म्हणा, थेट आत. मारियाडीबीच्या १०.४ पासूनही लिनक्सवर रूटसाठी हीच सोय आहे. वेबसाइटसाठी ही सोय मोडायची नाही, वेगळं खातं काढायचं.

दुसरा प्रकार जुन्या प्रोग्रामांचा. २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आलं आणि पासवर्ड पडताळण्याची मूळ पद्धत बदलली. नवीन पद्धतीचं नाव कॅशिंग शा-टू पासवर्ड. जुनी नेटिव्ह पद्धत ८.४ मध्ये सुरुवातीपासूनच बंद ठेवलेली आहे आणि ९.० मधून काढूनच टाकली. त्यामुळे सर्व्हर नवा आणि दुकानाचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर पासवर्ड बरोबर असूनही दोघांची भाषा जुळत नाही. सॉफ्टवेअरचा कनेक्टर किंवा पीएचपी नवं करणं हा खरा उपाय. पीएचपी ७.४ पासून नवी पद्धत नीट चालते.

पाचवी गोष्ट : हक्क

आत आलात आणि १०४४ किंवा ११४२ दिसतोय, तर ‘शो ग्रँट्स फॉर’ लिहून पुढे पूर्ण खातं लिहा, नाव आणि पत्ता दोन्ही. कोणत्या डेटाबेसवर काय करता येतं ते समोर येईल.

इथं दोन समजुती. पहिली, ‘ग्रँट दिला की युजर तयार होतो.’ मायएसक्यूएल ८.० पासून होत नाही. आधी ‘क्रिएट युजर’, मग ‘ग्रँट’. दुसरी, प्रत्येक ग्रँटनंतर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ लिहायलाच पाहिजे. गरज नाही. हक्कांची टेबलं तुम्ही हातानं इन्सर्ट-अपडेट करून बदलली असतील तरच ते लागतं.

रूटचाच पासवर्ड हरवला तर?

सगळीकडे सांगतात, स्किप-ग्रँट-टेबल्स लावा. याचा अर्थ पहारेकऱ्याला सुटी द्या. तेवढा वेळ कुणीही या, काहीही करा. ८.० मध्ये हा पर्याय लावला की बाहेरची जोडणी आपोआप बंद होते, ५.७ मध्ये होत नाही. त्यापेक्षा बरा मार्ग : एका फाइलमध्ये ‘ऑल्टर युजर’ची एकच ओळ लिहा, नवा पासवर्ड त्यात द्या, सर्व्हर थांबवा, इनिट-फाइल या पर्यायानं ती फाइल दाखवून पुन्हा चालू करा. पासवर्ड बदलतो, पहारा एक क्षणही उठत नाही. मग सर्व्हर नेहमीसारखा चालू करा आणि ती फाइल लगेच पुसून टाका, कारण पासवर्ड त्यात उघडा लिहिलेला आहे.

आणि आता तो धोका

घाईत केला जाणारा उपाय असा : रूट ॲट टक्का, ग्रँट ऑल, सोपा पासवर्ड, बाइंड-ॲड्रेस सगळ्यांसाठी खुला, वर राउटरमधून ३३०६ पोर्ट बाहेर काढलेला, ‘घरून हिशोब बघता यावा’ म्हणून. २०१७ च्या जानेवारीत जगभरातले हजारो उघडे मोंगोडीबी डेटाबेस पुसून त्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. फेब्रुवारीत तीच पाळी मायएसक्यूएलवर आली. हे हल्लेखोर तुमचं दुकान शोधत नाहीत. त्यांचे प्रोग्राम इंटरनेटवर उघडी दारं चाचपत फिरतात, आणि त्यांना हदगाव आणि हॅम्बुर्ग सारखंच.

तुमच्या त्या टेबलात काय आहे आठवा. शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँक खाते क्रमांक, कुणाची किती उचल, कुणाचं किती येणं. ही माहिती गेली तर नुकसान तुमच्या एकट्याचं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायद्याच्या आधी, ज्यानं विश्वासानं पासबुकची झेरॉक्स दिली त्याचं काय, हा प्रश्न आहे.

म्हणून सॉफ्टवेअरचं खातं वेगळं ठेवा, त्याला फक्त त्याच डेटाबेसचा हक्क द्या, पत्ता दुकानाच्या नेटवर्कपुरता ठेवा. घरून बघायचं असेल तर व्हीपीएन किंवा एसएसएच टनेल वापरा, पोर्ट उघडा टाकू नका.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी दोन शब्द. तुमचा पहारा पीजी-एचबीए नावाच्या फाइलमध्ये आहे. ती वरून खाली वाचली जाते आणि जुळलेली पहिली ओळच चालते. तिथं नापास झालात तर पुढची ओळ बघितली जात नाही. म्हणून नवी ओळ तळाला टाकून ‘काही फरक पडेना’ म्हणू नका, वर काय लिहिलंय ते आधी वाचा. आणि बदलानंतर रीलोड करायला विसरू नका.

तर क्रम लक्षात ठेवा. आधी आकडा, मग ओळीतले तीन तुकडे, मग नाव आणि गाव, मग पद्धत, शेवटी हक्क. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. सर्व्हर मुद्दामच ‘नाव चूक की पासवर्ड चूक’ हे सांगत नाही, नाहीतर चोराला निम्मं उत्तर फुकट मिळालं असतं. हवं असेल तर लॉग-एरर-व्हर्बोसिटी ३ करा. नाकारलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये येईल. कधी कधी त्यात आपल्या काउंटरऐवजी भलताच परदेशी पत्ता दिसतो. मग समजायचं, आज मिळालेल्या एका नकारानं तुमची वही वाचवली.

पुढच्या भागात बॅकअप, आणि तो खरंच परत येतो का हे कसं तपासायचं. भेटू मंडळी, नमस्कार.