कायद्याचे शिक्षण आणि बिऱ्हाडाची खोली
(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी सभेतील भाषण)



आपल्या ट्रस्टने आजवर डॉक्टर, इंजिनिअर व शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींस हात दिला. कायदा शिकणारा विद्यार्थी मात्र आपल्या यादीत क्वचितच आढळतो. म्हणून बडोद्यातील कायद्याच्या शिक्षणाची हकीकत आज आपणांपुढे मांडावी असे योजिले आहे. शेवटी एक विनंतीही करावयाची आहे.

कायद्याचे कॉलेज निघण्यापूर्वी कायद्याचे राज्य यावे लागते. बडोद्यात ते काम १८७५ नंतर सुरू झाले. त्या साली मल्हारराव महाराजांस पदच्युत करण्यात आले आणि कवळाण्याच्या शेतकरी घरातील एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव गायकवाड झाला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची व न्यायखात्याची घडी बसविली. १८८१ च्या डिसेंबरात महाराजांनी राज्यसूत्रे हाती घेतली, त्याच साली बडोदा कॉलेजही सुरू झाले.

महाराजांनी कायद्याचा उपयोग समाज सुधारण्याकडे केला. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली तालुक्यात व १९०६ साली सर्व संस्थानात लागू झाले. बालविवाहास आळा घालणारा कायदा १९०४ चा. ब्रिटिश मुलखात तसा कायदा व्हावयास १९२९ साल उजाडले. हिंदू स्त्रीस घटस्फोटाचा हक्क बडोद्याने १९३१ साली दिला, तो साऱ्या देशास मिळाला १९५५ साली. मुलकी अंमलदाराच्या हातून न्यायदानाचे काम काढून ते न्यायाधीशांकडे सोपविण्याची सुधारणाही येथे लवकर झाली. याच संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयाचे अब्बास तय्यबजी हे मुख्य न्यायाधीश होते. निवृत्तीनंतर ते गांधीजींस जाऊन मिळाले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात वृद्धापकाळी तुरुंगात गेले.

आपल्या सर्वांच्या परिचयाची न्यायमंदिराची इमारत १८९६ साली पुरी झाली. मुळात ती मंडईसाठी योजिली होती. पुढे तेथे न्यायासन बसले, आणि २०१८ साली न्यायालय नव्या संकुलात जाईपर्यंत बडोदेकरांच्या तीन-चार पिढ्यांनी तिच्या पायऱ्या झिजविल्या. वादी-प्रतिवादींस कळेल अशा भाषेत कारभार चालावा, याचीही चिंता महाराजांनी वाहिली. १९३१ साली प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरू' हा कोश त्याची साक्ष आहे. राज्यकारभारातील शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारशी व बंगाली प्रतिशब्द त्यात एकत्र दिलेले आहेत.

एवढे सर्व असूनही एक उणीव होती. बडोदा कॉलेज मुंबई विद्यापीठास जोडलेले असल्याने परीक्षा मुंबईची आणि पदवीही मुंबईची. स्वतःचे विद्यापीठ असावे ही महाराजांची इच्छा जुनी. प्रा. विजरी यांच्या अध्यक्षतेखाली १९२६-२७ साली एक कमिशनही बसले. पण १९३९ साली महाराज निवर्तले तेव्हा विद्यापीठ झालेले नव्हते. त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांनी ते काम तडीस नेले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठाची स्थापना झाली ती आदल्या दिवशी, ३० एप्रिलला. मावळत्या संस्थानाने आपल्या प्रजेस दिलेले हे शेवटचे दान होय. या विद्यापीठाच्या छत्राखाली कायद्याची विद्याशाखा नांदू लागली आणि बडोद्याच्या मुलास बडोद्यातच कायद्याची पदवी मिळू लागली.

पुढील वाढ देशाच्या वाढीबरोबर झाली. विलीनीकरणानंतर येथील अपिले मुंबई हायकोर्टाकडे जात. १९६० साली गुजरात राज्य झाल्यावर ती अहमदाबादेस जाऊ लागली. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टाने वकील, प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद काढून टाकून वकिलांचा एकच वर्ग केला. त्यानंतर पदवीधराने तीन वर्षे कायदा शिकावा असा नियम आला, आणि १९८०च्या दशकापासून बारावीनंतरचे पाच वर्षांचे अभ्यासक्रम देशभर निघाले. आता तर पदवी व सनद घेऊनही भागत नाही; २०१० पासून बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. एवढे करून कोर्टात उभे राहिले तरी ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली पहिली दोन-तीन वर्षे हाती फारसे काही पडत नाही. ज्याच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही त्यास हा काळ काढता येतो. गरिबाचा मुलगा मात्र याच टप्प्यावर काळा कोट खुंटीला अडकवून मिळेल ती नोकरी धरतो.

आता बडोद्याच्याच इतिहासातील एक प्रसंग आठवावयाचा आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी एका तरुणास अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. ते तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. करार पाळण्यासाठी ते १९१७ साली बडोद्यास आले. नोकरी मिळाली, पण साऱ्या शहरात त्यांस राहावयास खोली मिळेना. जात लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी अर्ज केला होता, तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. कामाठीबागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

त्या वेळी दिवाण होते मनुभाई मेहता. त्यांची कन्या हंसाबेन तेव्हा बडोदा कॉलेजात शिकत होती. काळाचा महिमा असा की, याच हंसाबेन मेहता पुढे घटना समितीत डॉ. आंबेडकरांबरोबर बसल्या, आणि १९४९ साली आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द होते, तेथे 'सर्व मानव' असे शब्द यावेत म्हणून आग्रह धरणाऱ्या त्याच. ज्या नोव्हेंबरात घटना मंजूर झाली, तेव्हा आपले विद्यापीठ अवघे सात महिन्यांचे होते. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ते कलम वाचताना आम्हांस नेहमी कामाठीबाग आठवते.

महाराजांचे दान मोठे होते, यात शंका नाही. पण शिष्यवृत्ती दरबाराने दिली आणि खोली नगराने नाकारली. पैसा देणे एका माणसाच्या हाती असते. आसरा देणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या हाती असते. विद्याशाखा राजे आणि कायदेमंडळे उभारतात, पण तिच्या बाकांवर कोण बसणार हे पुष्कळदा आपल्यासारख्या संस्थांच्या खोल्यांवर ठरते.

म्हणून आमची विनंती तीन कलमांची आहे. पहिले, दरवर्षी निदान दोन शिष्यवृत्त्या कायदा शिकणाऱ्यांसाठी ठेवाव्यात. दुसरे, ही मदत पदवीपाशी न थांबविता सनद मिळाल्यावर आणखी दोन वर्षे चालू ठेवावी, आणि वसतिगृहातील खोलीही तितका काळ द्यावी. तिसरे कलम थोडे अवघड आहे. आपल्या नियमावलीत खोली देताना 'ज्ञातीतील विद्यार्थी' असे शब्द आहेत. त्यांतील 'ज्ञातीतील' हा शब्द काढून 'गरजू' हा शब्द घालावा.

कोणी म्हणतील की, हा निधी आपल्या वाडवडिलांनी पै-पै करून ज्ञातीसाठी जमविला. आक्षेप खरा आहे आणि त्यामागील भावना आम्ही जाणतो. आपल्या मुलांची गरज अजून संपलेली नाही, हेही खरे. पण महाराजांची तिजोरी बडोद्याच्या रयतेची होती, आणि ज्या तरुणास त्यांनी मदत केली तो बडोद्याचा रहिवासीही नव्हता. संस्थानास त्याची दहा वर्षांची नोकरी मिळाली नाही. साऱ्या देशास मात्र घटनेचा शिल्पकार मिळाला. असे दान आतबट्ट्याचे कोण म्हणेल?

नियम बदलण्यास सभेचा ठराव व धर्मादाय आयुक्तांची मान्यता लागेल. कामास वेळ लागेल, पण ते होण्याजोगे आहे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव विश्वस्तांनी मांडावा आणि आपण सर्वांनी त्यावर मोकळेपणाने बोलावे, एवढेच मागणे आहे.