पाच आणि एक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशातील माझ्या शाळेविषयी आज मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. हातात खडू असला तरच मला बोलणे सुचते. तेव्हा काही कमीअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

तेहतीस वर्षे मराठी शाळेत शिकवून मी निवृत्त झाले आणि २०११ साली एका संस्थेची स्वयंसेविका म्हणून दोन वर्षांसाठी आफ्रिकेतील मलावी देशात गेले. पगार नव्हता, राहायला खोली आणि पोटापुरता भत्ता. 'या वयात ही उठाठेव कशाला?' असे पुष्कळांनी विचारले. त्यांना मी विक्रोळीचे उदाहरण देई. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, परिचारिका म्हणून तेथे येऊन राहिल्या होत्या. मग मी तर पुष्कळच लहान! पण खरे सांगू? माझ्या मनात थोडा अहंकारही होता. आपण अनुभवी शिक्षिका. तिथल्या मुलांना चांगले शिकवून येऊ, असे वाटत होते.

झोम्बा हे १९७५ पर्यंत मलावीच्या राजधानीचे शहर. त्याच्याजवळच्या एका खेड्यात माझी शाळा होती. त्या देशात १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि शाळेत जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १९ लाखांवरून एकदम ३० लाखांच्या घरात गेली. मुले आली; पण तेवढ्या खोल्या आणि तेवढे शिक्षक कोठून येणार? माझ्या वर्गात शंभरावर मुले जमिनीवर बसत. एक वर्ग तर आंब्याच्या झाडाखाली भरे. जेवणात मक्याच्या पिठाची घट्ट उकड असे. तिला न्सिमा म्हणतात. पालेभाजीबरोबर ती हाताने मोडून खाताना घरच्या भाकरीची आठवण येई.

तेथील भाषा चिचेवा. 'कसे आहात?' याला ते 'मुली ब्वांजी?' म्हणतात. पहिल्या दिवशी मला वाटले, मला मुली किती ते विचारताहेत!

एके दिवशी मुलांकडून मी आकडे शिकायला बसले. चिमोद्झी, झिविरी, झिताटू, झिनायी, झिसानू. पाचपर्यंत ठीक चालले. सहाला अडले. मुले म्हणत, 'झिसानू न्दी चिमोद्झी', आणि मी पुनःपुन्हा विचारी, 'पाच नको, सहा सांगा.' सगळा वर्ग हसू लागला. शेवटी पुढे बसलेली एक चिमुरडी उठली. तिने एका हाताची पाच बोटे माझ्यासमोर धरली आणि दुसऱ्या हाताचे एक बोट त्यांना लावले. पाच आणि एक! सहाला तेथे वेगळा शब्दच नाही. सात म्हणजे पाच आणि दोन. मोठे आकडे मात्र ते इंग्रजीतच म्हणतात. शंभर मुलांसमोर त्या दिवशी मीच वर्गातली 'ढ' ठरले होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची माझ्या वर्गातली एक मुलगी डोळ्यांसमोर आली. बांधकामावरच्या मजुराची पोर, घरी कानडी बोलणारी. मी 'पंचवीस' म्हटले की ती पाटीवर ५२ लिही. तिला मी मठ्ठ म्हटले, पट्टी मारली, शेवटच्या बाकावर बसवले. तिच्या भाषेत पंचवीसला 'इप्पत्तैदु' म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग पाच. आपण मात्र आधी पाच म्हणतो आणि मग वीस. तिने जसे ऐकले तसे लिहिले. चूक तिची नव्हती. माझा कान बहिरा होता. वर्ष संपण्यापूर्वीच तिची शाळा सुटली. ती आज कोठे आहे, मला माहीत नाही. भगिनींनो, तिची क्षमा मागण्याची सोय आता राहिलेली नाही.

मलावीतील मुलांना मी दोन वर्षांत काय दिले, याचा हिशेब मला नीट लागत नाही. मी गेले नसते तरी त्यांच्या शिक्षकांनी त्यांना शिकवलेच असते. पण परत आलेली मी पूर्वीची राहिले नाही. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचविसाला 'वीस पाच' असेही म्हणायला सांगितले, तेव्हा त्याची केवढी थट्टा झाली! मला काही हसता आले नाही.

अमेरिकेने १९६१ साली 'पीस कोअर' ही स्वयंसेवकांची संस्था काढली. तिच्या कायद्यात तीन उद्देश सांगितले आहेत. त्यातला तिसरा हा, की परक्या लोकांची खरी ओळख आपल्या देशबांधवांना व्हावी. म्हणजे स्वयंसेवकाचे अर्धे काम घरी परतल्यावरच सुरू होते. मला तर परके लोक आपल्याच आळीमागे भेटले.

मागच्या नव्या इमारतीवर काम करणाऱ्या मजुरांची अकरा मुले दर शनिवारी माझ्या ओट्यावर येतात. काही कानडी बोलतात, काही तेलुगू. प्रथम मी त्यांच्याकडून त्यांचे आकडे शिकते, मग आपले शिकवते. इमारत पुरी झाली की ही मुले दुसरीकडे जातील, हे मी जाणून आहे. म्हणूनच घाई आहे. पावसाळ्यात ओटा अपुरा पडतो आणि मी एकटी पुरत नाही.

मंडळाची ही खोली शनिवारी दुपारी रिकामी असते. ती दोन तास मिळावी आणि आपल्यापैकी दोघीतिघींनी येऊन बसावे, एवढेच माझे मागणे आहे. शिकवता येत नाही म्हणून कोणी संकोच करू नये. सहापर्यंत मोजायला मुलेच शिकवतील.