थांबा म्हणणारी प्रथिनं



अध्यक्षांनी वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. तो अहवालात छापलेला आहे. जेवणानंतर वाचा, झोप छान लागेल. मी एकाच विषयावर बोलणार आहे. आपल्या पेशी प्रथिनांच्या रूपात एकमेकींना निरोप धाडतात. ‘तुटून पडा’ हा निरोप आपण कॉलेजात घोकून घोकून पाठ केला. ‘आवरा’ हा निरोप मात्र पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत राहिला आणि आता तोच आपल्या दवाखान्यात येऊन उभा आहे.

२०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच तळटीपेला मिळालं. मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची हे तिघं मानकरी. थायमस ग्रंथीत टी-पेशींची निवड होते, स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या पेशी तिथे मारल्या जातात, हे आपल्याला माहीत होतं. पण ती चाळण पक्की नाही. तिच्यातून निसटलेल्या पेशी आपल्या सगळ्यांच्या रक्तात फिरत असतात आणि तरीही बहुतेकांचं बरं चाललेलं असतं. ते का, हा प्रश्न होता.

याचा धागा सापडला तो अमेरिकेतल्या ओक रिज इथे. अणुबॉम्बच्या प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या त्या प्रयोगशाळेत किरणोत्साराचे परिणाम तपासायला उंदीर पाळले होते. १९४९ मध्ये तिथे काही नर पिल्लं खवल्यांसारखी कातडी घेऊन जन्मली. प्लीहा आणि लसिकाग्रंथी फुगलेल्या, आणि काही आठवड्यांतच मृत्यू. त्यांच्याच टी-पेशी त्यांचे अवयव पोखरत होत्या. पुढे ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरची जागा आक्रसत आक्रसत वीस जनुकांपर्यंत आणली आणि एकेक तपासलं. दोष निघाला तो विसाव्यात! २००१ मध्ये त्या जनुकाचं नाव फॉक्सपी३ असं जाहीर झालं. तेच जनुक बिघडलेली मुलं आपल्यातही जन्मतात. तान्हेपणीच मधुमेह, इसब आणि न थांबणारे जुलाब. या आजाराला आयपेक्स म्हणतात. जुलाब हा शब्द लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तिकडे जपानमध्ये साकागुची ‘आवरणाऱ्या’ टी-पेशींच्या मागे होते, तेही अशा काळात, की हा विषय काढला तरी लोक हसत. आधीच्या संशोधकांनी अशा पेशींबद्दल बरेच दावे केले होते आणि ते टिकले नव्हते. १९९५ मध्ये साकागुचींनी या पेशींची ओळखखूण दाखवली. तिचं नाव सीडी२५. आणि सीडी२५ म्हणजे दुसरं काही नाही, इंटरल्युकिन-२ या प्रथिनाच्या ग्राहीचा एक भाग.

इथे गंमत आहे. इंटरल्युकिन-२ हे जेमतेम १३३ अमिनो आम्लांचं प्रथिन. १९७६ मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने त्याचा प्रभाव नोंदवला, तो टी-पेशींची वाढ करणारा घटक म्हणून. १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर ते मोठ्या मात्रेत द्यायला परवानगी मिळाली. म्हणजे सगळ्यांच्या लेखी हे लढाईचं प्रथिन. मग ज्या उंदरांत ते जनुकच काढून टाकलं, ते उंदीर दुबळे पडायला हवे होते. झालं भलतंच. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना आतड्याचा दाह झाला. प्रतिकार बोथट व्हायच्या ऐवजी तो बेलगाम झाला.

कारण या ग्राहीच्या रचनेत आहे. तीन साखळ्या मिळून झालेली ग्राही दोनच साखळ्यांच्या ग्राहीपेक्षा सुमारे शंभर पट घट्ट पकड घेते. ती तिसरी साखळी, सीडी२५, या आवरणाऱ्या, म्हणजे नियामक पेशी कायम अंगावर बाळगतात. इतर टी-पेशींवर ती चेतवल्यावरच भरपूर येते. शिवाय त्यांना घडवणाऱ्या फॉक्सपी३मुळेच नियामक पेशींना स्वतः इंटरल्युकिन-२ बनवता येत नाही, त्या परावलंबी. नळाच्या पाइपालाच मोटर लावणारा शेजारी तुम्ही पाहिला असेल. धार बारीक असली, की सगळं पाणी त्याच्याच टाकीत जातं. पूर आला, की मात्र सगळ्यांच्याच टाक्या भरतात. म्हणून कमी मात्रेत तेच प्रथिन आवर घालतं आणि मोठ्या मात्रेत चेतवतं. २०११ मध्ये बोस्टन आणि पॅरिसच्या दोन गटांनी हे रुग्णांतच दाखवलं. मूळपेशी प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटतात त्या आजारात, आणि हिपॅटायटिस-सीमुळे होणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या दाहात, अगदी थोडं इंटरल्युकिन-२ दिल्यावर नियामक पेशी वाढल्या आणि अनेकांना उतार पडला.

माणसाच्या पेशी उंदरांइतक्या सरळही नाहीत, हे जाता जाता सांगतो. आपल्या साध्या टी-पेशीही चेतवल्यावर काही काळ फॉक्सपी३ दाखवतात. तेव्हा एवढ्या एका खुणेवर रिपोर्टमध्ये ‘नियामक पेशी वाढल्या’ असं लिहिणाऱ्या लॅबवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आणि ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ गोळ्या विकायला येणाऱ्याला फक्त विचारा, यातली कोणती बाजू वाढवतोस बाबा?

आता सीटीएलए-४. नियामक पेशी या प्रथिनाने शेजारच्या पेशींवरचे चेतना देणारे रेणू ओरबाडून गिळतात. त्याचीच नक्कल असलेलं ॲबाटासेप्ट २००५ पासून संधिवातात दिलं जातं. सीटीएलए-४लाच अडवणारं इपिलिमुमॅब २०११ पासून कर्करोगात. पीडी-१ हा दुसरा लगाम. निवोलुमॅब तो सोडवतं.

निवोलुमॅब इथे आपल्या दाराशी आलं ते मुंबईमुळे. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, खर्च ऐकूनच नातेवाईक उठून जायचे. टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात तोंडाने घ्यायच्या कमी मात्रेच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं. पीडी-१ ची टोकं थोड्या औषधानेही झाकली जातात, हा त्यामागचा हिशेब. वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. मला विचाराल, तर अलीकडच्या भारतीय वैद्यकातलं हे सर्वांत अक्कलहुशारीचं काम आहे.

पण औषध तालुक्याला पोचलं, तसा त्याचा दुष्परिणामही पोचणार. मी पॅथॉलॉजिस्ट. मागे एकदा मोठ्या आतड्याचा तुकडा माझ्याकडे आला. फॉर्मवर एवढंच लिहिलेलं, ‘जुलाब, तीन आठवडे’. काचपट्टीवर पाहिलं, तर ग्रंथींच्या भिंतीत लिम्फोसाइट घुसलेल्या, तळाशी जागोजागी पेशी आकसून मरून पडलेल्या. संसर्गाचं चित्र सहसा असं नसतं. मी फोन करून विचारलं, कर्करोगाचं काही इंजेक्शन चालू आहे का? रुग्णाचा मुलगा म्हणाला, “हो, पण ते कॅन्सरचं वेगळं, हे पोटाचं वेगळं.” दोन दवाखान्यांत दोनदा अँटिबायोटिक झालं होतं. त्यांना हवं होतं स्टिरॉइड, आणि ते उशिरा सुरू झालं.

हा दाह औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही येऊ शकतो. थायरॉइड मंदावतो, क्वचित साखर एकदम चढून रुग्ण कोमात जातो, फुप्फुसं सुजतात. पाहणारा पहिला डॉक्टर तुम्ही असता, मुंबईचा तज्ज्ञ नव्हे. म्हणून एक मागणी मांडतो. अशी औषधं घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात मराठी कार्ड हवं. औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, कर्करोगतज्ज्ञाचा फोन, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘जुलाब, धाप, फार तहान किंवा कमालीचा थकवा असेल, तर उपचार सुरू करण्याआधी या क्रमांकावर बोला.’ मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. खरडा, खोडा, आणि उद्या दुपारच्या सत्राआधी सचिवांकडे द्या.