शाळेंतील चित्रें व पडदा
(पालक-शिक्षक सभेंत दिलेलें व्याख्यान)



वर्गांत पडदा आला, त्यावर चित्रें हालूं-बोलूं लागलीं, म्हणजे शिक्षण सुधारलें, असा समज हल्लीं सर्वत्र दिसतो. त्याविषयीं मला थोडें बोलावयाचें आहे.

मुलांस चित्रांच्या साहाय्यानें शिकविण्याची कल्पना जुनी आहे. मोरावियांतील पंडित कोमेनियस ह्याचें ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हें पुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें प्रसिद्ध झालें. (तो आपल्या पंथाचा नव्हता, पण तेवढ्यावरून त्याच्या विद्येचा अव्हेर कशास करावा?) त्यांत सुमारें १५० चित्रें असून मजकूर लॅटिन व जर्मन भाषांत आहे. परंतु पुस्तकाची खरी खुबी आंकड्यांत आहे. मासेमारीच्या चित्रांत गळ, जाळें इत्यादि वस्तूंवर बारीक आंकडे घातले आहेत, आणि तेच आंकडे मजकुरांत त्या त्या शब्दापाशीं सांपडतात. मुलाची दृष्टि चित्रावरून शब्दाकडे व शब्दावरून पुन्हां चित्राकडे जाते. स्वस्थ बसून नुसतें पाहण्यास त्यास सवडच राहत नाहीं. शिवाय मुलांस तीं चित्रें स्वहस्तें काढूं द्यावीं व साधेल तेथें खरी वस्तु दाखवावी, असें त्यानें प्रस्तावनेंत सुचविलें आहे.

आपल्या देशांत १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, उपग्रहाच्या द्वारें, सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोंचविण्यांत आली. सकाळीं मुलांचे कार्यक्रम होत. त्याच काळांत हजारों प्राथमिक शिक्षकांस विज्ञान कसें शिकवावें ह्याचे पाठ देण्यांत आले. पण योजक केवळ पडद्यावर विसंबले नाहींत. रेडिओ, छापील साहित्य व हातानें करावयाचे प्रयोग हीं त्यांनीं सोबत जोडलीं. कारण उघड आहे. वेगानें सरणारें चित्र मुलाच्या शंकेसाठीं थांबत नाहीं. पुस्तक थांबतें, आणि फसलेला प्रयोग पुन्हां करतां येतो.

आपल्या शाळेसाठीं पडदा अवश्य घ्यावा. मी त्याच्या विरुद्ध नाहीं. पण येत्या सत्रांत एवढें करून पाहावें. मासेमारीचा धडा निघाला, कीं शिक्षकांनीं पडद्यावरचें चित्र थांबवावें. मुलांनीं तें वहींत काढून वस्तूंस आंकडे घालावेत, प्रत्येक वस्तूचें घरच्या बोलींतील नांव आजोबांस विचारून आणावें व त्याशेजारीं पुस्तकी नांव लिहावें. आणि ज्यांच्या घरीं जुनें जाळें असेल, त्यांनीं तें एक दिवस शाळेंत पाठवावें. तें सुखरूप परत येईल, अशी हमी मुख्याध्यापिका सिस्टरांनीं घेतली आहे.