राजा घाटाची पायरी आणि चित्रयंत्र



काशीचा राजा घाट अमृतराव पेशव्यांनी दगडी बांधून घेतला, हे आपण सारे जाणतो. आपली मुले मात्र तो घाट आता बहुधा पडद्यावरच पाहतात. तेव्हा यंत्र दगडाची पायरी कशी रंगविते, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

काशीचे घाट पूर्वाभिमुख आहेत. सकाळचे ऊन नदीपलीकडून तिरपे येते. पायऱ्यांच्या उभ्या बाजू उजळतात, आडव्या मंद राहतात. माध्यान्ही याच्या उलट होते. प्रकाश पृष्ठावर सरळ पडला तर पूर्ण, साठ अंशांनी कलला तर निम्मा, हा नियम लँबर्टने १७६० मध्ये मांडला. संगणकाची छायाविद्या याच पायावर उभी आहे. १९७१ मध्ये गूरो यांनी पृष्ठाच्या कोपऱ्यांवरील उजेड मोजून मधला भाग त्यांच्या मिश्रणाने भरला. १९७३ मध्ये फाँग यांनी प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठाची दिशा हिशेबात घेतली. ओल्या पायरीवरची चकाकी त्यामुळे साधली. १९७४ मध्ये कॅटमल यांनी पृष्ठावर चित्र चढविण्याची रीत दाखविली, तर १९७८ मध्ये ब्लिन यांनी सपाट पृष्ठावर खाचखळग्यांचा भास घडविला.

हिशेब मात्र प्रचंड. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदू. ते सेकंदाला साठ वेळा रंगवावयाचे, म्हणजे बारा कोटींवर गेले. म्हणून चित्रयंत्राच्या चिपवर लहान लहान गणकांची पलटणच बसवितात. सारे एकच कृती निरनिराळ्या बिंदूंवर एकाच वेळी करतात. दूरच्या पायऱ्या लुकलुकू नयेत यासाठी पृष्ठचित्राच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रती आधीच करून ठेवतात. त्यास जागा अवघी एक तृतीयांश अधिक लागते.

परंतु यंत्र कितीही वेगवान असो, दगडाचे रूप त्याला आपणच पुरवावयाचे. चुनारच्या वालुकाश्माऐवजी भलत्याच दगडाचे कातडे चढविले, तरी पडद्यावर ते तितकेच खरे दिसते. धोका येथेच आहे. दरवर्षी पुराचा गाळ पायऱ्यांवर चढतो, झीज चालूच असते. आज टिपले नाही, ते उद्या कोणी अंदाजाने रंगवील.

म्हणून आमची विनंती अशी की, काशीयात्रेत घाटाची छायाचित्रे घ्याल, तेव्हा काही ढगाळ प्रकाशातही, जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत व तारीख नोंदवावी. उन्हातल्या छायाचित्रात सावली दगडालाच चिकटून येते. मग यंत्राने दाखविलेल्या संध्याकाळीही त्या पायरीवर सकाळचीच सावली राहते. पूर्वजांनी घाट बांधून दिला. त्याची खरी नोंद पुढील पिढीच्या हाती देणे आपणांकडे आले आहे.